भिंतीवरून येणारी वाटी

मेडशीत आमच्या आणि शेजारणीच्या अंगणांच्या मधे डोक्याइतकी उंच भिंत आहे. तिच्यावरून शेजारीण भाजीची वाटी द्यायची. तिला स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा रोग लागेल म्हणून मीच ती वाटी नाकारली.

ऑपरेशननंतर तिचा उजवा हात वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं तशी ती रोज भिंतीवर बोटं चढवायची आणि अडलेल्या बैलाला दटावावं तशी हाताला म्हणायची, "चढ ना बापा, कायले अडून राह्यला?" मला भिंतीच्या या बाजूला आधी नुसता आवाज यायचा. पुढे बोटांची टोकं दिसू लागली.

परवा त्याच हातात वाटी वर आली.

"काकाजी, अंबाडीची भाजी हाय. घेता, का अजून भेता?"

मी वाटी घेतली, भिंतीलगतच्या दगडावर चढलो आणि तिला दिसेल असा तिथंच खाऊ लागलो.