रश्श्यातली पुरचुंडी

तुमची आई लग्नाआधी इंग्लंडात, रीडिंगला माझ्याजवळ राहायची, तेव्हाची ही गोष्ट. ती कधीच सांगणार नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

संध्याकाळपर्यंत तिचं पोट टम्म फुगायचं. कळा अशा, की टॉयलेटसाठी मध्येच कुठल्यातरी स्टेशनवर ट्रेन सोडावी लागायची. तपासण्यांनंतर निदान झालं, आयबीएस, म्हणजे आतड्यांचा चिवट त्रास. डाएटिशियनने समजावलं की कांदा, लसूण, गहू यांतला काही भाग न पचता मोठ्या आतड्यात जातो, तिथे आंबतो आणि गॅस धरतो. सहा आठवडे हे सगळं बंद. खाल्लेलं रोज वहीत लिहायचं. स्वयंपाक माझा, म्हणून वहीही माझ्याकडे. मी वेळेसकट लिहायचे.

पण पोर वाळत चालली होती आणि तसला बेचव रस्सा तिच्या पानात वाढायला माझा हात धजेना. मी कांदा-लसूण ठेचून मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधायचे, रश्श्यात उकळायचे आणि ती ऑफिसातून यायच्या आत काढून टाकायचे. कांदा पोटात जातच नाही, मग लिहायचं काय?

"कांद्याशिवाय इतका मस्त? आई, जादूगार आहेस गं तू!"

मी हसले.

सहा आठवड्यांनी पोट तसंच. डाएटिशियनने वही चाळली, माझ्या नोंदींचं कौतुक केलं आणि म्हणाली, या पदार्थांचा संबंध दिसत नाही. परतताना बसमध्ये तुमची आई रडायला लागली. "म्हणजे हे सगळं माझ्या डोक्यातच आहे का गं?"

तेव्हा मी सांगितलं. कांद्यातला तो न पचणारा भाग पाण्यात उतरतो, हे मला ठाऊक नव्हतं. पण मी लपवतेय, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

ती ओरडली नाही. "सहा आठवडे, आई," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःचं स्वतः शिजवू लागली. हळूहळू कळा कमी झाल्या.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही आईबरोबर पर्थहून आलात. मी आठवडाभर कांदा घरात आणला नव्हता. गाजर-बटाट्याची भाजी केली. "छान दिसतेय," म्हणत तिने ती तुम्हाला वाढली. स्वतः नुसत्या भातावर मीठ घेतलं.

"आता त्रास नाही ना गं?"

"नाही. बरी आहे मी."

तुम्ही पुन्हा भाजी मागितलीत. मी वाढली. तिच्या पानापाशी मात्र पातेलं नेलं नाही.