डागांचं कौतुक

आमची वहिनी माणसं चेहऱ्यावरून नाही, तिळांवरून ओळखते. पहिल्या भेटीत दादाला वाटलं, मुलगी लाजून नजर चुकवतेय. ती त्याच्या मानेवरचा तीळ तपासत होती. तीळ निर्दोष निघाला, मग लग्न झालं.

ती त्वचेची डॉक्टर आणि संशोधक. सकाळी त्वचेचे कॅन्सर, दुपारी बिथरलेल्या प्रतिकारशक्तीचे रोगी. "सकाळी शरीराच्या झोपलेल्या पहारेकऱ्यांना उठवायचं, दुपारी घरच्यांनाच बडवणाऱ्यांना झोपवायचं," असं ती सांगते. घरी आल्यावर दादाला सोफ्यावरून उठवायचं काम उरतंच.

एकदा ती शिंपीकाकांकडे पांढरा कोट आखूड करायला गेली आणि मशीनच्या पायडलवरची त्यांची टाच बघून जमिनीवरच बसली. टाचेच्या कडेला काळा डाग होता.

"शाई सांडली असेल," काका म्हणाले.

कॅन्सर होता. डाग काढला, तरी पुढे छातीत गाठ उगवली. मग वहिनीच्या चाचणीतलं, पहारेकऱ्यांना उठवणारं नवं औषध सुरू झालं. ते गाठीला पुरून उरलं तरच काका वाचणार होते.

स्कॅनच्या दिवशी काकांना मीच गाडीतून नेलं. स्कॅन उरकून ते वहिनीच्या खोलीत शिरले ते फणफणतच. दोन्ही मनगटांवर पांढरे चट्टे उठले होते.

"डॉक्टरीणबाई, एक रोग घेऊन आलो होतो, तुम्ही दोन केलेत."

वहिनीनं चट्टे पाहिले आणि चाकांच्या खुर्चीत बसल्याबसल्या गिरकी घेतली. "काय सुंदर डाग आहेत हो, काका."

"सुंदर? गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहील का?"

"ऐका तर. रंग बनवणाऱ्या पेशी आणि तुमची गाठ एकाच खानदानातल्या. पहारेकरी जागे झालेत, ते चोराबरोबर त्याच्या चुलतभावांनाही धोपटताहेत."

"मग चोर मेला का?"

खुर्ची थांबली. "ते स्कॅन सांगेल. ही नुसती चाहूल."

वाट बघताना वहिनी रिकाम्या ग्लासातून पाणी प्यायली.

पडद्यावर जुनी गाठ आणि आताची गाठ शेजारीशेजारी उमटल्या. काका चष्मा चढवून पुढे झुकले.

"कोटाच्या बटणाएवढी होती. ही तर शर्टाच्या बटणाएवढी."

"माप बरोबर आहे," वहिनी म्हणाली आणि डोळे पुसायला दादाचा रुमाल शोधू लागली. दादा तिथे नव्हताच. मग माझा घेतला.

परतताना काकांनी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई चट्ट्यांकडे टक लावून बघायला लागली, तर यांनी काच खाली करून दोन्ही हात बाहेर काढले.

"नीट बघा, बाई. औषध लागू पडलंय."