मामाची डावी बाही

विरारमध्ये स्वेटरची गरज वर्षातून अडीच दिवस पडते, आणि त्यातला दीड दिवस तो कपाटातून काढावा की नाही या विचारात जातो. अशा गावात राहून मी विणायला शिकलो.

त्याला कारण माझा पाय. फुलपाड्याच्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावरून मी घसरलो आणि दीड महिना प्लॅस्टरमध्ये पडून राहिलो. मी गणिताचा शिक्षक. चंदनसारच्या एका शाळेत सकाळच्या सत्रात पाचवी ते सातवीच्या मुलांवर ओरडायची सवय. ते ओरडणं आता दिवसभर घरात सुरू झालं. चार दिवसांत आई कंटाळली. आठव्या दिवशी समोरच्या मोकाशीकाकू लोकरीचा गुंडा आणि दोन सुया घेऊन आल्या.

"सर, हाताला काम द्या," त्या म्हणाल्या. "म्हणजे शेजाऱ्यांना जरा आराम."

प्लॅस्टर निघालं, सुया राहिल्या. (माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं. आता ते होतच नाही, असं आईनं त्याच दिवशी जाहीर केलं.) मी दुपारी चार वाजता गच्चीवर जाऊ लागलो. तिथं पाण्याच्या टाकीच्या सावलीत चटई टाकून मोकाशीकाकू आणि तिसऱ्या मजल्यावरची भारती विणत बसायच्या. काकू मूळच्या साताऱ्याच्या, उंची जेमतेम पाच फूट, पण गच्चीवर त्यांचा शब्द शेवटचा. भारती आगाशीच्या बागायती करणाऱ्या वाडीवाल्यांची लेक, लग्न होऊन फुलपाड्यात आलेली. तिच्या सुया आणि जीभ एकाच वेगानं चालायच्या.

त्या गच्चीनं मला लळा लावला हे कबूल करायला हवं. तिथं कुणी पगार विचारत नसे, लग्नाचं विचारत नसे. फक्त "किती ओळी झाल्या?" एक टाके मोजायला लागली की दुसरी वाक्याच्या मधेच थांबायची आणि मोजून झालं की तिथूनच पुढे सुरू करायची. माझा टाका सुटला तर काकू काही न बोलता सुई हातात घ्यायच्या, चार ओळी खालून तो टाका वर आणायच्या आणि सुई परत द्यायच्या. मी मुलांच्या वहीत चुकीला लाल गोल करतो. माझी चूक इतक्या मायेनं मला कुणी दाखवली नव्हती.

वर्षभरात मी तीन मफलर विणले. मफलरला माप नसतं, म्हणून तो चुकत नाही. पण माझी हिंमत वाढली. तेवढ्यात माझी धाकटी बहीण सुलू पहिल्या बाळंतपणाला घरी आली, मुलगा झाला, आणि मी सगळ्यांना सांगून टाकलं की भाच्याचा पहिला स्वेटर मामा विणणार.

हे नुसत्या हौसेचं काम नव्हतं. सुलूचं सासर डेहराडूनला होतं. तिथं बाळाला लोकर लागणारच. तिच्या सासूबाई, माई, तीस वर्षं तिकडे राहिलेल्या आणि घरातल्या सगळ्यांचं लोकरीचं स्वतः विणणाऱ्या. लग्नात त्या एकदा म्हणाल्या होत्या, "माहेरची माणसं हौसेनं बोलतात, करायचं शेवटी आमच्यावरच येतं." सुलूला ते वाक्य लागलं होतं. त्यामुळे एसटीडी बूथवरून तिनं माईंना ठणकावून सांगितलं, "बाळाला काही विणू नका. दादा स्वेटर विणतोय."

"भाऊ?" माईंनी विचारलं.

"हो. दादा."

माईंनी तेच आणखी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मीटर मात्र पळत होता.

माई संक्रांतीनंतर न्यायला येणार होत्या. माझ्याकडे भरपूर वेळ होता, म्हणून अर्थातच मी सुरुवात केली नव्हती. लोकर तेवढी आणून ठेवली होती. ती आगाशीच्या बाजारात एकाच दुकानात मिळायची, तीही छत्र्यांच्या ढिगामागे. लिंबू रंगाच्या लडीवरची धूळ झटकत दुकानदारानं विचारलं होतं, "हिमालयात कोण चाललंय?" आणि मग डिसेंबरच्या सुरुवातीला फोन आला की माईंना तिकीट लवकरचं मिळालं, त्या पुढच्या रविवारी सकाळी येताहेत. आठ दिवस!

मी गच्चीवर धावलो. काकूंनी हातातलं विणकाम खाली ठेवलं आणि लगेच वाटणी केली. पाठ काकूंची. पुढचे दोन्ही भाग आणि गळपट्टी भारतीची. उजवी बाहीही काकूच करणार. शेवटी सगळे भाग शिवून जोडायचे.

"आणि मी?" मी विचारलं.

काकूंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "डावी बाही," त्या म्हणाल्या.

म्हणजे ज्या स्वेटरची मी गावभर जाहिरात केली होती, त्यातली एक बाही माझी. पण प्रसंग असा होता की मी मान डोलावली.

"गच्चीवर बसलो तर नुसत्या गप्पा होतील," काकू म्हणाल्या. "आपापला भाग घरी न्या. सर, चाळीस टाके घाला. तीन बोटं पट्टी, मग सुलट-उलट. मनगटापासून काखेपर्यंत एक वीत."

आता इथं थोडं गणित. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर मी मुलांचा अर्धा गुण कापतो. 'पाच काय? पाच आंबे की पाच हत्ती?' असं विचारून मी पोरांना रडकुंडीला आणलेलं आहे. त्या माणसानं 'एक वीत' हे माप कागदावर लिहून घेतलं, खाली रेघ मारली, आणि कुणाची वीत हे विचारलं नाही.

मी सहा फूट एक इंच आहे. माझ्या पंजात नारळ मावतो.

घरी गेलो आणि जीव ओतून विणू लागलो. जरा वाकडं दिसलं की उसवायचो. तीन वेळा सगळं उसवलं. सुलू बाळाला पाजत समोर बसायची आणि म्हणायची, "दादा, बरं दिसतंय की, कशाला उसवतोस?" मी म्हणायचो, "माईंनी नाव ठेवायला नको." ती हसायची, पण दर दोन तासांनी किती झालं ते विचारायची. तिला झोप कमी आणि काळजी जास्त होती हे मला दिसत होतं.

शुक्रवारी आईनं बाही हातात घेतली. तिला मोतीबिंदूमुळे अंधुक दिसायचं, पण हाताला कळत होतं.

"अरे, ही बाही की उशीचा अभ्रा?"

"काकूंच्या मापानं केलीय."

काकूंचं नाव ऐकल्यावर आईनं ती खाली ठेवली. आमच्या मजल्यावर काकूंच्या वर अपील नव्हतं.

रविवारी सकाळी मी शेवटचा टाका बंद केला तेव्हा काकू आणि भारती बाकीचा स्वेटर जोडून आमच्या घरी आल्या होत्या. काय सुंदर झाला होता! लिंबू रंगाचा, तळहातावर मावेलसा, पांढऱ्या बटणांचा. फक्त डाव्या बाजूला भोक होतं. काकूंनी सुई-दोरा तयार ठेवला आणि हात पुढे केला. मी अभिमानानं बाही दिली.

काकूंनी ती उजव्या बाहीशेजारी ठेवली.

"सर," भारतीनं हळूच विचारलं, "ही बाही कोनाची?"

"माझी."

"म्हंजे तुमच्या स्वेटरची आनलीत का चुकून?"

"बाळाची आहे. एक वीत. मोजून."

काकूंनी आपला हात टेबलावर पसरला. लहान मुलीसारखा हात. मग माझा हात धरून शेजारी ठेवला. काकूंची वीत जिथं संपत होती, तिथून माझी अजून चार बोटं पुढे जात होती. माझा हात त्यांच्या हाताच्या जवळजवळ दीडपट होता. गणित शिक्षकानं अंदाज करायचा नसतो, पण ते फूटपट्टीनं मोजायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

"रुंदीला पन सैल आहे," भारती म्हणाली. "बाळाचा पाय जाईल हिच्यात. दोन्ही जातील."

"उसवू आणि पटकन..." मी म्हणालो, आणि खाली रिक्षा थांबली. गॅलरीतून आई म्हणाली, "विहीणबाई आल्या."

काकूंनी पुढे जे केलं ते अनुभवाचं काम होतं. एका शब्दाचीही चर्चा न करता त्यांनी ती बाही जशी होती तशी शिवून टाकली, वरचं सैल चुण्या घालून बसवलं आणि गाठ मारून दोरा दातानं तोडला. "एकाच बाहीचा असण्यापेक्षा हा बरा," त्या म्हणाल्या. तोपर्यंत माई दारात होत्या.

माई उंच, सडसडीत, बोलायला मोजक्या. पाय धुतले, पाणी घेतलं, बाळाच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "तो स्वेटर कुठाय?"

मी सुलूकडे पाहिलं. मला वाटलं, ती आता रडणार. आठ दिवस तिनं माझ्यावर भरवसा ठेवला होता आणि मी तिला तिच्या सासूसमोर तोंडघशी पाडलं होतं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुलूनं स्वेटर उचलला आणि बाळाच्या अंगात चढवला. उजवी बाही मनगटावर नेमकी बसली. डावी बाही बाळाच्या हातापुढे निघून गेली आणि गोधडीवर लोळू लागली. बाळानं हात हलवला तशी ती रिकामी बाही हवेत डोलली. भारतीनं पदर तोंडात धरला.

"हे काय?" माई म्हणाल्या.

"वाढत्या अंगाचा आहे," सुलू म्हणाली.

"एकच बाही वाढणार?"

"आमच्याकडे सगळं वाढत्या अंगाचंच घेतात, माई," सुलूचा आवाज जरा कापला, पण थांबला नाही. "बाबा गेले तेव्हा मी सहावीत होते. दादाला नुकती नोकरी लागलेली. माझा युनिफॉर्म तो एकटा जाऊन आणायचा, आणि त्याला माप कधी कळलं नाही. स्कर्ट घोट्यापर्यंत यायचा. वर्गात मुली हसायच्या. पण तो मला तीन-तीन वर्षं पुरायचा, आणि मला कधी काही कमी पडलं नाही. याच्याही अंगावर दादानं केलेलं असू दे."

मुली हसायच्या, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. तिनं कधी सांगितलंच नव्हतं. मी गॅलरीत जाऊन वाळत घातलेले टॉवेल विनाकारण सरळ केले. डोळे भरून आले होते आणि सातवीच्या गणिताच्या शिक्षकाला ते शोभत नाही.

परत आलो तर माईंनी स्वेटर काढून उलटा केला होता. विणणारी बाई आधी उलटी बाजू बघते, हे मी गच्चीवरच शिकलो होतो. त्या शिवणीवरून बोट फिरवत होत्या.

"पाठ घट्ट हाताची," त्या म्हणाल्या. "पुढचं चटपट विणणाऱ्या कुणाचं तरी. कोण कोण होतं?"

काकू आणि भारतीनं शाळेतल्यासारखे हात वर केले.

"आणि ही?"

"माझी," मी म्हणालो. "वितीनं मोजली. माझ्याच."

माई माझ्या पंजाकडे बघत राहिल्या. मग बाही खिडकीपाशी उजेडात धरून वरपासून खालपर्यंत पाहिली. "टाका एकही सुटलेला नाही," त्या म्हणाल्या. "पहिली बाही?"

"पहिलीच."

"मी पहिली बाही विणली ती बंदच झाली नव्हती." आणि त्या हसल्या.

"उसवून दोन दिवसांत नीट करून देतो," मी म्हणालो.

"हात लावायचा नाही." माईंनी काकूंच्या हातातून सुई घेतली, माझ्या बाहीला आतून दोन घड्या घातल्या आणि चार टाके मारून बसवली. मग बाळाला घातली. जरा जाड दिसत होती, पण हात बाहेर आला. बाळानं पहिलं काम काय केलं असेल, तर ती बाही चोखली.

पुढचा तासभर बाळाकडे कुणी पाहिलं नाही. माई, काकू आणि भारती चटईवर बसून पाठीवरच्या जाळीचा नमुना कसा उतरवायचा यावर वाद घालत होत्या, आणि चहा दोनदा गार झाला. सुलू पलंगावर बसून त्यांच्याकडे पाहत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती बसल्या बसल्या झोपली. आईनं तिच्या अंगावर माझा मफलर टाकला.

माई निघताना काकूंकडून तीन नमुने लिहून घेऊन गेल्या, आणि पुढे गच्चीवर दर महिन्याला डेहराडूनहून पत्र यायला लागलं. त्यात अर्धं पान बाळ आणि अडीच पानं टाके.

दोन हिवाळे गेले आणि सुलूचं पत्र आलं. तिनं लिहिलं होतं की यंदा माईंनी बाहीच्या घड्या सोडल्या. पोरगा तो स्वेटर हट्टानं घालतो, काढू देत नाही. स्वेटर बेंबीच्या वर गेलाय, बटणं लागत नाहीत, उजवी बाही कोपराशी अडकते. 'पण दादा, तुझी बाही आता त्याला मनगटापर्यंत अगदी बरोबर बसते.'

हे मी गच्चीवर दोनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा जिन्यात आणि चौथ्यांदा दूधवाल्याला. सगळा स्वेटर चुकला होता आणि माझीच बाही तेवढी बरोबर निघाली होती! फक्त मी ती दोन वर्षं आधी विणली होती.

पत्रात शेवटी आणखी एक वाक्य होतं. ते मी दर वेळी गाळत होतो. पण भारतीला संशय आला, तिनं पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं आणि टाकीपलीकडच्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं:

'नवा स्वेटर करायचा तर माप तुझ्याच वितीनं घे, विणायला मात्र काकूंना दे.'