शोकाकुलांत शेठचा फोटो

कारखान्याच्या कागदावर हिंदुराव भडकुंबे हा घडी खात्यातला मुकादम. टॉवेलच्या घड्या सरळ पडतात का, बायका लोंबते धागे कापतात का, एवढं बघायचं काम. पण अक्कलकोट रोडच्या त्या पट्ट्यात त्याला ओळखायचे ते बॅनरवाला हिंदुराव म्हणून. हिंदुराव फोनवर बॅनर करायचा. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची पोरगी दहावी पास होवो, कुणाचा म्हातारा आटपो, लोक त्याला फोटो पाठवायचे आणि जेवणाच्या सुट्टीत डबा संपायच्या आत बॅनर तयार. मग तो दिवसभर सगळ्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसला झळकायचा.

ह्या कामात त्याचे नियम होते आणि ते शेठच्या नियमांपेक्षा कडक होते. वाढदिवसाला पिवळा रंग, दुःखाला पांढरा. माणूस गेला असेल तर गाव, वय, खातं, वेळ सगळं लिहायचं. माणूस काय असातसा गेलेला नसतो, असं त्याचं म्हणणं. आणि खाली गोल गोल फोटोंची रांग. वाढदिवसाला ‘शुभेच्छुक’, मरणाला ‘शोकाकुल’. त्या रांगेत पहिला मान शेठचा, मग मॅनेजरचा, मग बाकीचे वयाप्रमाणे. एकदा मॅनेजरचा फोटो चुकून तिसरा लागला, तर ते गृहस्थ दोन दिवस हिंदुरावाशी बोलले नव्हते. शेठच्या साठीला केलेला बॅनर मात्र शेठनी स्वतःच्या स्टेटसला ठेवला आणि हिंदुरावाला शाल दिली. सोलापुरात शाल पांघरून माणूस करणार काय, पण मान तो मान.

वळसंगहून तो अठराव्या वर्षी शहरात आला. गिरणीत लागला, गिरणी बंद पडली. मग दोन वर्षं भाजीची गाडी, मग हा टॉवेलचा कारखाना. बावीस वर्षं झाली. कुंभारीच्या कामगार वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर बायकोच्या, म्हणजे म्हाळसाबाईच्या नावावर, कारण ती विडी कामगार आणि वसाहत विड्या वळणाऱ्या बायकांसाठीची. धाकटी वैष्णवी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. हत्ती गेला, शेपूट राहिलं, असं तो स्वतःच म्हणायचा. ह्या शेपटानंच पुढं घात केला.

एप्रिलातली गोष्ट. बाहेर त्रेचाळीस आणि आत, टॉवेल वाळवायच्या मशीनपाशी, किती ते मोजायची कुणाची छाती नव्हती. तिथं मंजुनाथ होता. अक्कलकोटच्या खालच्या अंगाचा, घरात कानडी बोलणारा, अडतीस वर्षांचा. वसाहतीत हिंदुरावाच्या दोन गल्ल्या पलीकडं राहायचा. त्या शुक्रवारी सकाळपासून त्याची छाती भरून येत होती. दोन वाजता त्यानं अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. मॅनेजर म्हणाले, मंजूर, पण एवढा लॉट काढून जा, संध्याकाळी कंटेनर लागणार आहे. सव्वातीनला तो ट्रॉलीला धरून खाली बसला. हिंदुराव धावला, आणखी एकाला घेऊन त्यानं त्याला उचललं. उचलतानाच त्याच्या लक्षात आलं की हे अंग आता आपलं ओझं आपण घेत नाही. कंपनीच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, घरचं कोण आहे?

रविवारी सकाळी हिंदुराव बॅनर करायला बसला. हात चालेना. आजवर त्यानं दीडदोनशे श्रद्धांजल्या केल्या असतील, पण त्यातल्या कुणालाच त्यानं स्वतः उचललेलं नव्हतं. शेवटी त्यानं फोनमधला एक जुना बॅनर काढला. गावाकडचा एक पोलीस बंदोबस्तावर असताना गेला होता, त्याच्यासाठी केलेला. नाव बदललं, फोटो बदलला. ‘कर्तव्य बजावत असताना दुःखद निधन’ ही ओळ तशीच ठेवली, कारण ती मंजुनाथला शोभत होती असं त्याला मनापासून वाटलं. पोलिसाला मिळते ती ओळ टॉवेलवाल्याला का मिळू नये? खाली नेहमीप्रमाणं लिहिलं, ‘वाळवणी खाते, शुक्रवार, दुपारी सव्वातीन’. मग शोकाकुलांची रांग. पहिला शेठ, दुसरा मॅनेजर. नेहमीचा मान, नेहमीची जागा.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

कारण हजेरीच्या वहीत मंजुनाथ दोन वाजताच सुट्टी घेऊन गेलेला होता. सुट्टी खरोखरच मंजूर झाली होती ना! वही खोटं बोलत नव्हती, फक्त सव्वा तास आधी थांबली होती. वहीप्रमाणं तो घरी जाताना वाटेत गेला. वाटेत गेला तर कारखाना मोकळा, आणि त्याच्या बायकोला, गुरम्माला, कामगार विम्याची पेन्शन नाही. कामावर गेला असेल तर दर महिन्याला पेन्शन, जन्मभर. आणि इथं शेठ आणि मॅनेजर स्वतःच्या हसऱ्या फोटोंनिशी सांगत होते की तो कामावर गेला, सव्वातीनला गेला, आणि आम्ही शोकाकुल आहोत.

वसाहतीतल्या विडी युनियनच्या कौसरबाईंनी हे बरोबर हेरलं. त्यांनी स्टेटसचा स्क्रीनशॉट काढला, गुरम्माला बरोबर घेतलं आणि कामगार कार्यालयात अर्ज टाकला. पंधरा दिवसांत हिंदुरावाच्या हातात पत्र पडलं. ‘समाजमाध्यमावर कंपनीची बदनामी केली, मालकांच्या छायाचित्राचा विनापरवाना वापर केला, खुलासा करावा, तोपर्यंत निलंबित.’

एचआरच्या रुद्राणी मॅडमनी त्याला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं. एकोणतीस वर्षांची मुलगी, त्याला काका म्हणायची, आणि तिच्याही डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

“मॅडम, ह्यो फोन कंपनीनं दिलाय का मला?”

“नाही, काका.”

“रिचार्ज कंपनी मारती?”

“नाही.”

“मग रविवारी मी कामावर होतो का?”

“काका, वाद नका घालू. फोन तुमचा आहे. पण त्यातला फोटो शेठचा आहे आणि मजकूर कंपनीबद्दल आहे.”

“फोटू तर अकरा वर्षं वापरतोय की मी. तवा कुणी नोटीस दिली न्हाय. शाल दिली.”

मॅडमनी टेबलावरचं पत्र सरळ केलं. मग म्हणाल्या, “तेव्हा तो फोटो घेऊन कुणी सरकारी ऑफिसात गेलं नव्हतं.”

खरं उत्तर हे होतं आणि ते तिनं प्रामाणिकपणानं दिलं, एवढं तिचं मानलं पाहिजे. हिंदुरावाला राग यायला हवा होता. पण त्याला नुसता शीण आला. बावीस वर्षं उभं राहून न आलेला शीण त्या खुर्चीत बसून आला.

“तुमी सोता काय टाकत नसाल न्हवं फोनवर?” त्यानं विचारलं.

“मी सगळं बंद करून ठेवलंय, काका. नोकरी लागली त्याच दिवशी.”

मार्गही तिनंच सांगितला. कामावर परत यायचं असेल तर माफीचं स्टेटस ठेवायचं. त्याच बॅनरवर, म्हणजे कशाबद्दल आहे ते लोकांना कळेल. शेठचा आणि मॅनेजरचा फोटो काढायचा, मंजुनाथचा ठेवायचा. मजकूर कंपनी देणार. पूर्ण चोवीस तास राहिलं पाहिजे, मधे काढायचं नाही. ती स्वतः बघणार होती.

घरी म्हाळसाबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. हात न थांबवता तिनं सगळं ऐकलं.

“हात दाखवून अवलक्षण,” ती म्हणाली. “कुणी सांगितलं होतं वेळ लिवायला? फुलं टाकायची, नाव टाकायचं, मोकळं व्हायचं.”

“मानूस काय असातसा...”

“ऱ्हाऊ द्या. पोरीचं वर्ष ऱ्हायलंय एक. तुमची तीन. पाण्यात ऱ्हाऊन माशासंगं वैर करायचं वय ऱ्हायलं न्हाय आपलं.” थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, “गुरम्माचं वाईट वाटतंय मला बी. पर आपलं कोण बघणार?”

बारा दिवस त्यानं काढले. ह्या बारा दिवसांत चार वाढदिवस होऊन गेले आणि एकानंही त्याच्याकडं फोटो पाठवला नाही. कारखान्यातली पोरं रस्त्यात भेटली की फोन कानाला लावायची. कुणाचा आलेला असायचा नसायचा. तेराव्या दिवशी सकाळी त्यानं बॅनर केला. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यानं लिहिलेला मजकूर त्यानं आपल्या बॅनरवर चढवला. अक्षरं मात्र एका रेषेत नीट बसवली, कारण वाकडं काम त्याच्या हातून झालंच नसतं. ह्या सवयीची त्याला स्वतःलाच लाज वाटली.

पहिल्या तासात एकशे चौदा लोकांनी बघितलं. कोण कोण बघतंय त्याची यादी तो उघडत राहिला. शेठनी बघितलं. मॅनेजरनी बघितलं आणि अंगठा पाठवला. कौसरबाईंनी बघितलं, काही पाठवलं नाही. दुपारी यादीत मंजुनाथचं नाव आलं. हिंदुरावानं यादी बंद करून पुन्हा उघडली. मग त्याच्या ध्यानात आलं की नवऱ्याचा फोन आता गुरम्मा वापरते.

चार वाजता ती दारात उभी राहिली. उन्हानं चेहरा लाल झालेला, कडेवर पायल, तिची चार वर्षांची पोरगी. आता ही भांडणार, असं वाटून म्हाळसाबाईनं सूप बाजूला ठेवलं. पण गुरम्मा भांडायला आलेली नव्हती. तिनं आत येऊन बसत पदरातून फोन काढला आणि हसल्यासारखं केलं.

“अण्णा, आज महिना झाला न्हवं? तुमी परत टाकला मंजूचा फोटो. मला मराठी वाचता येत न्हाय की. काय लिवलाय, वाचून दाखवा.”

गुरम्मा कानडीतली दुसरी शिकलेली. तिला वाटलं होतं, महिना झाला म्हणून अण्णांनी आठवणीचा बॅनर केला. कारखान्यातनं एक तरी माणूस विसरला नाही, एवढ्यासाठी ती कुंभारीच्या उन्हात चालत आली होती.

हिंदुरावानं म्हाळसाबाईकडं बघितलं. तिनं नजर खाली घातली. त्याला काहीही वाचता आलं असतं. ‘तुझ्या आठवणीत’ म्हणाला असता, ‘पुन्हा जन्मा ये’ म्हणाला असता, असल्या ओळी त्याला ढीगभर पाठ होत्या आणि गुरम्मा डोळे पुसून घरी गेली असती. पण दोन दिवसांनी कौसरबाई तिला खरं सांगणार होत्या. आणि नसत्या सांगणार, तरी ह्या पोरीसमोर बसून तिच्या बापाबद्दल तोंडानं खोटं बोलणं त्याला झेपणारं नव्हतं. बोटानं केलं होतं तेवढंच त्याला जड झालं होतं.

त्यानं चष्मा लावला आणि वाचलं.

“‘माझ्या आधीच्या स्टेटसमधील मजकूर चुकीचा होता. मंजुनाथ यांचे निधन कारखान्यात झाले नसून, सुट्टी घेऊन घरी जाताना वाटेत झाले. कंपनीची बदनामी झाल्याबद्दल मी माफी मागतो. हिंदुराव भडकुंबे.’”

गुरम्माला एकेक शब्द पोचायला वेळ लागला. पायल फोनवरच्या बापाच्या फोटोला बोट लावत होती, तसा फोटो हलत होता.

“वाटेत?” गुरम्मा म्हणाली. आवाज चढला नाही, नुसतं विचारलं. “वाटेत कसा, अण्णा? तुमीच उचलला की त्याला. तुमीच सांगितला मला, माझ्या हातात होता म्हणून.”

हिंदुरावानं आपला फोन घेतला, स्टेटस उघडलं आणि काढून टाकायचं बटण दाबलं. नक्की काढायचं का, असं फोननं विचारलं. फोन तेवढं विचारतो तरी. त्यानं हो केलं. चोवीसातले आठ तास झाले होते.

काढून उपयोग नव्हता, हे त्याला कळत होतं. आता शेठच्या बाजूलाही एक स्क्रीनशॉट असणार, त्याच्याच अक्षरांतला. तो खोडायचा तर कामगार कार्यालयातल्या साहेबासमोर उभं राहून तोंडानं सांगावं लागणार. आणि ते सांगितलं की शेपूटही गेलं.

पाच मिनिटांत मॅडमचा फोन आला. म्हाळसाबाई हातानं नको नको करत होती. हिंदुरावानं उचलला.

“काका, स्टेटस दिसत नाहीये. चुकून डिलीट झालं का?”

“चुकून न्हाय, मॅडम. काढलं.”

“काका, अहो, उद्या सकाळी तुमची ऑर्डर निघणार होती. मी सही घेऊन ठेवलीय. पुन्हा टाका, मी कुणाला सांगत नाही.”

तिचा आवाज खरोखर काकुळतीला आला होता. हिंदुरावाला तिची दया आली.

“मॅडम, मंजुनाथची बायको बसलीया समोर. तिला वाचता येत न्हाय. मी तिला वाचून दाखवलं. आता फोन तिच्याकडं देतो, तुमी एकदा वाचून दाखवा. मोठ्यानं. तुमाला जमलं, तर मी परत ठेवतो.”

त्यानं फोन गुरम्माच्या हातात दिला. तिनं तो कानाला लावला, “हलो” म्हणाली आणि वाट बघत राहिली. बराच वेळ ती तशीच बसून होती. मग फोन खाली घेऊन तिनं त्याच्याकडं बघितलं.

“बाई काय बोलना, अण्णा. ठेवला वाटतं.”

“बरं,” हिंदुराव म्हणाला. “कामगार ऑफिसात उद्या किती वाजता जायचं, ते कौसरबाईंना इचारून घे. मी येतो.”

म्हाळसाबाईनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. पायलला जवळ घेऊन तिनं बसवलं आणि त्या दिवशी रोजच्यापेक्षा दोनशे विड्या जास्त वळल्या.