न्याय करणारा पंखा

धामणगाव बढ्यात वीज येईपर्यंत भगवंतरावांना कुणी फारसं हिशेबात धरत नव्हतं. शेती चारचौघांसारखी, अक्कल चारचौघांहून थोडी कमी आणि बोलणं मात्र मामलेदाराचं. अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याविषयीचं आपलं मत लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात बनवून टाकलं होतं आणि पुढं मुलाचं लग्न झालं तरी ते बदलायची वेळ आली नव्हती. माणूस दुष्ट नव्हता. दुष्टपणाला जी मेहनत लागते ती त्यांच्यानं झालीच नसती.

विजेपाठोपाठ भगवंतराव खामगावाहून टेबलपंखा घेऊन आले. घरात वायरिंग करणाऱ्या अन्वरनं त्यांना सांगितलं, की पंख्याला तीन तारा आहेत, त्यातली हिरवी जमिनीत न्यावी लागते, तेव्हा अंगणात एक खड्डा खणू.

"वीज घरात घ्याची का जमिनीत पुराची बे?" भगवंतराव म्हणाले. "आमाले नको शिकवू."

अन्वरलाही आणखी चार घरं करायची होती. आपल्याले काय, म्हणत त्यानं दोन भोकांचा प्लग बसवला आणि तो पुढच्या घरी गेला. भगवंतरावांनी हिरवी तार विळ्यानं छाटून टाकली. उरलेल्या दोन तारांची टोकं सोलून भोकांत घातली आणि वर काडेपेटीच्या काड्या ठोकल्या. पंखा आत न्यायचा असो की ओसरीवर, ते त्याला वायरीनंच उचलत, शेळीला दाव्यानं ओढावं तसे. वर्षाच्या आत वायरीचं कापडी वेष्टन पंख्याच्या बुडाशी विरलं आणि आतली तार लोखंडाला टेकली. त्यावर त्यांनी जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली आणि काम फत्ते झालं असं समजून विडा लावायला बसले.

पहिला झटका गोजरबाईला बसला. ती दूध घालायला आली होती. नुकतेच हातपाय धुतलेले, पाय अनवाणी. तिनं कौतुकानं जाळीला हात लावला आणि किंचाळून मागं पडली, चरवी लवंडली. दुसरं कुणी असतं तर त्यानं आधी पंखा बंद केला असता. भगवंतराव बाजेवर बसल्या बसल्या म्हणाले, "दुधात पाणी घालते ना, म्हणून धरलं तिले. खऱ्या माणसाले नाही धरत तो." मग उठून त्यांनी जाळीवर अख्खा तळहात ठेवला. त्यांना काही झालं नाही. त्यांच्या पायात लाकडी खडावा होत्या.

झालं. गावाला तेवढंच पुरलं. कुणाची कोंबडी गेली, कुणाच्या शेतातला कापूस रात्रीतून कमी झाला, की संशयिताला भगवंतरावांच्या ओसरीवर आणायचं आणि पंख्याला हात लावायला सांगायचं. आता त्या ओसरीची रीत अशी, की बडी मंडळी जोड्यांसकट वर येऊन बसायची आणि सालदार-मजुरांनी पायताण खाली उतरवून वर यायचं. त्यामुळं पायात जोडा असलेला प्रत्येक जण खरा निघाला आणि अनवाणी आलेला प्रत्येक जण चोर. गावात एवढी शिकलेली माणसं होती, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल. जोडे तर त्यांच्याही पायात होते. एका सालदाराचं साल त्या पंख्यानं मोडलं, वर्षाच्या मध्येच त्याला कामावरून काढलं, तेव्हा मंडळी चहा पिऊन उठली.

अन्नपूर्णाबाईंना मात्र ठाऊक होतं. एकदा ओसरी सारवताना त्यांची शेणानं माखलेली बोटं पंख्याच्या बुडाला लागली आणि त्या भिंतीवर जाऊन आदळल्या. हात संध्याकाळपर्यंत बधिर होता. कोरड्या पाटावर उभं राहिलं की तोच पंखा गरीब गाईसारखा वागतो, हेही त्यांनी मग ताडून पाहिलं. पण त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्यांचाही खोटेपणा शोधला गेला असता. त्यांचं फार कौतुक करायला नको. दुसऱ्याच्या सालदारासाठी घरात कज्जा कोण उभा करतो?

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली चांदीची वाटी हरवली. भगवंतरावांना संशय यायला फार वेळ लागत नसे. सून शालूनं ती दुसरबीडला माहेरी पोचवली, असं त्यांनी ठरवलं आणि चार माणसांदेखत जाहीर केलं, की ती पंख्याला हात लावील. झटका बसला तर सकाळच्या मोटारीनं कायमची माहेरी जाईल. नवरा वामन छताचे वासे मोजल्यासारखा वर बघत राहिला. बाप तसा बेटा.

ओसरी सणासाठी नुकतीच सारवली होती, अजून ओलीगच्च होती. शालू अनवाणी उभी होती. झटका बसणार की नाही हा प्रश्नच नव्हता. त्या ओलीवर पोरगी जिवंत राहते की नाही, एवढाच होता. शालूनं पदर सावरला आणि हात पुढं केला.

"थांब, शालू," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि तिच्या नि पंख्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. "पहिले तुमी लावा हात."

"मी त रोजच लावतो," भगवंतराव हसले.

"हाव. आज खडावा काढून लावा. या सारवणावर उभं राहून."

भगवंतरावांनी खाली पायांकडं पाहिलं. ओसरीवरची सगळी माणसं त्यांच्या पायांकडं पाहू लागली. मग एकेकानं हळूच आपापल्या जोड्यांकडंही पाहिलं.

"मले सर्दी हाय," भगवंतराव म्हणाले. "ओल बाधते."

आश्विनातलं ऊन रखरखत होतं आणि त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. खाली अंगणात गोजरबाई उभी होती, ती मोठ्यानं हसली. साल मोडलेला तो सालदारही आला होता. तो हसला नाही. बराच वेळ खडावांकडं बघत राहिला, मग खाली थुंकून निघून गेला.

वाटी कधीच सापडली नाही आणि शालू कुठंही गेली नाही. पंखा पोत्यात बांधून माळ्यावर गेला. भगवंतराव पुढं पुष्कळ वर्षं जगले आणि प्रत्येकाला सांगत राहिले, की पंख्यातलं सत्त्व गेलं. अन्नपूर्णाबाईंनी त्यांना एका शब्दानं कधी टोचलं नाही. ओसरीवर चार माणसं जमली, की त्या फक्त आतून खडावा घेऊन येत, पदरानं पुसत आणि सगळ्यांसमोर नवऱ्याच्या पायांशी ठेवून म्हणत, "घाला. ओल हाय."