पब्लिक कुठल्या फलाटावर पळंल?

एखादी माहितीपुस्तिका तुम्ही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कधी वाचली आहे का? खरं सांगा. वाचली नसेल तर दोष तुमचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे. हे मला कंट्रोलरकाकांनी शिकवलं. त्यांचा आवाज असा, की त्यांनी घरात फोनवर "हॅलो" म्हटलं की समोरच्या टपरीवरचा माणूस "बोला काका" म्हणायचा.

काकांची उभी नोकरी धाराशिवच्या बसस्थानकावर गेली, चौकशीच्या खिडकीत माइकसमोर. निवृत्त झाले, पण माइक काही सुटला नाही. नातवंडांना जेवायला बोलवायचं तरी दोनदा पुकारायचे. "लक्ष द्या, पोरांनी हात धुऊन पानावर यावं. लक्ष द्या, पोरांनी हात धुऊन पानावर यावं." काकू आतून म्हणायच्या, "अहो, ऐकलंय सगळ्या गल्लीनं. शेजारची पोरंबी आली हात धुऊन!"

त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस. हल्ली आपण वर्णन लिहिलं की एआय त्याचा व्हिडिओ करून देतं. त्या वर्णनाला प्रॉम्प्ट म्हणतात, आणि तो कसा लिहावा हे शिकवणारं एक साधन आमच्या सरांनी तयार केलं होतं. त्याची पुस्तिका इंग्रजीत होती. मी भांडून भांडून मराठीतही करायला लावली. आपल्या माणसाला आपल्या भाषेत सूचना मिळणं ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे! सरांनी एकच अट घातली, "कॉम्प्युटरला कधी हात न लावलेल्या माणसानं ती पास केली पाहिजे. नाहीतर इंग्रजीच पाठवू." असा माणूस खालच्याच मजल्यावर राहत होता.

आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा मोर्चा-सभांची पत्रकं जास्त यायची. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे मी लिहिलेल्या मराठी पुस्तिकेची सुरुवातही तशीच झाली होती. "मित्रांनो, कल्पनेच्या बेड्या तोडा! तुमच्या शब्दांत जग बदलण्याची ताकद आहे!" काकांनी ते खड्या आवाजात वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हे ऐकून पब्लिक कुठल्या फलाटावर पळंल?"

"काका, हे प्रास्ताविक आहे."

"असंल. पण पोरी, पब्लिक उठून उभं राहिलंय. पिशव्या उचलल्यात, लेकरं काखंत घेतल्यात. आता जायचं कुठं, ते सांग की!"

दहापैकी एक मार्क. तोही, म्हणाले, अक्षर ठळक आहे म्हणून.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग चडफडत पुन्हा लिहायला बसले. आधी कोण आहे ते लिहा. मग कुठे आहे. मग काय करतंय. मग उजेड कुठून येतोय. काकांनी वाचलं आणि मान डोलावली. "ही गाडी लागली बघ फलाटाला."

मग त्यांनी स्वतःच परीक्षा घ्यायची ठरवली. पुस्तिकेत जेवढं लिहिलंय तेवढंच करायचं, मला एक शब्द विचारायचा नाही. एका बोटाने टाइप करत त्यांनी लिहिलं, "तेरला जाणारी लाल बस सकाळच्या उन्हात फलाटावर उभी आहे." आणि उभ्या हयातीची सवय, तेच वाक्य पुन्हा एकदा लिहिलं. व्हिडिओ आला. फलाटावर शेजारी शेजारी दोन लाल बस, दोन ड्रायव्हर, दोघांच्या मिशा सारख्या.

काका थक्क. "एका टायमाला तेरच्या दोन गाड्या? लई झालं हे!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एक गोष्ट एकदाच लिहा, हे कुठं लिहिलंय तू?" लिहिलं नव्हतं. मी ओळ घातली आणि त्यांनी एक मार्क कापला.

खरं भांडण पुढे झालं. बसच्या कपाळावरच्या पाटीवर 'तेर' यायला हवं होतं. तिथे गुळाला मुंग्या लागाव्यात तसं काहीतरी वळवळत होतं. काकांच्या सांगण्यावरून मी ओळ घातली, "पाटीवरची मराठी अक्षरं सध्या नीट येत नाहीत." सरांनी ती खोडली. "नकारात्मक काही नको. गिऱ्हाईक पळतं."

काका वर आले. "मालक, गाडी रद्द झाली हे सांगायला मला कधी लाज वाटली न्हाय. सांगितलं तर माणूस चार शिव्या देतंय आन् दुसऱ्या वाटंनं घर गाठतंय. न्हाय सांगितलं तर बाकावर बसून ऱ्हातंय. ही ओळ गेली तर माझा पास न्हाय."

"मग इंग्रजीच पाठवतो," सर म्हणाले. "काका, एवढ्या एका ओळीसाठी?" मी जिन्यात विनवलं. ते तसेच पायऱ्या उतरून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी बेंबळीहून बचत गटाच्या बायका आल्या. त्यांना शेंगदाणा चटणीची जाहिरात करायची होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून सरांनी मराठी पुस्तिकेला शेवटची संधी दिली. काकांनी वाचायचं, बायकांनी करायचं. काका पाण्याची बाटली माइकसारखी धरून उभे राहिले. कोण, कुठे, काय करतंय, उजेड कुठून. बायका भराभर लिहीत गेल्या. खोडलेल्या ओळीपाशी काका थांबले. खाली बसले. घसा खाकरून म्हणाले, "फुडची गाडी रद्द हाय. पण सांगायला मनाई हाय."

बायकांची बोटं थबकली. त्यांच्यातली पुढारी सखूबाई सरांकडे वळली. "कोणती गाडी, ओ सर?"

सर गडबडले. "म्हणजे... चटणीच्या बरणीवर तुमच्या गटाचं नाव मराठीत नीट येणार नाही. ते तुम्हाला नंतर वरून टाकावं लागेल."

"अगं बया! मग हे आधीच सांगायचं न्हाय व्हय? आमी दिवसभर तेच करीत बसलो असतो."

सरांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. "लिही बाई. पहिल्याच पानावर लिही." मराठी पुस्तिका निघाली. काकांनी आठ मार्क दिले.

यंदा काका-काकू लेकीकडे सोलापूरला राहायला गेले. मी सोडायला बसस्थानकावर गेले होते. सोलापूरची बस लागल्याचं स्पीकरवर पुकारलं, तरी काका बाकावरून उठेनात. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. "नऊ मार्क," म्हणाले.

"एक कशात गेला?"

"आवाजात. माझा न्हाय त्यो." आणि पिशवी उचलून घाईघाईने बसमध्ये चढले, मागे न बघता.

आता तुमच्याकडे एक मागणी आहे. तुम्ही कधी ना कधी कुणासाठी सूचना लिहिली असेल. एखाद्या यंत्राची, योजनेची, नाहीतर शाळेच्या दारावरची. ती आज बाहेर काढा, ज्याला वापरायची आहे त्याच्यासमोर खड्या आवाजात वाचा आणि तो कुठल्या फलाटाकडे निघतो ते बघा. आणि तुमची कोणती गाडी रद्द असेल, तर ते पहिल्याच ओळीत सांगून टाका. माणसं बाकावर बसली आहेत.