माझ्या नावाखाली छापलेली माघार

ताईंनी माघार घेतली, अशी बातमी माझ्या नावाने छापून आली. ताईंनी माघार घेतली नव्हती. त्यांचं बोलणं मी समोर बसून वहीत उतरवलं होतं. तरी ते छापलं गेलं, कारण छापण्याआधी मला दाखवलं तेव्हा मी होकार दिला होता. याचा राग मला अजून येतो. पहिला संपादककाकांचा, आणि मग, जरा जास्त वेळ, माझा.

इथे आखातात आमचं मराठी मंडळ आहे, त्यात अध्यक्षाची निवडणूक दर दोन वर्षांनी होते. या वेळी एकाच गटातले दोघे उभे राहायला निघाले, म्हणून आधी भागाभागात बैठका घेऊन हात वर करून एकाला निवडायचं ठरलं. संपादककाका अमेरिकेच्या बातम्या फार बघतात. ते या बैठकांना 'प्रायमरी' म्हणू लागले, मग सगळेच म्हणू लागले. मंडळाचं वार्तापत्र व्हॉट्सअ‍ॅपवर निघतं. त्यासाठी कॉलेजातल्या आम्हा दोघींना 'विद्यार्थी बातमीदार' केलं गेलं. मी लिहायचं आणि माझ्या मैत्रिणीने फोटो काढायचे. ती रत्नागिरीकडची. तिचे अब्बा फरवानियात कपड्यांचं दुकान चालवतात. मी गर्दीत बोलत नाही, म्हणून मला वही दिली असावी.

दोघांपैकी एक काका आधीही दोनदा अध्यक्ष होते, म्हणून सगळे त्यांना अध्यक्षकाकाच म्हणतात. ते शुऐबाच्या एका कारखान्यात आहेत. संपादककाकाही तिथेच, आणि दोघे रोज सकाळी एकाच गाडीतून जातात. दुसऱ्या म्हणजे ताई. त्या लातूरच्या आणि इथे सरकारी हॉस्पिटलात नर्स आहेत. त्यांचं म्हणणं साधं होतं. मंडळात नाटकाची समिती आहे, जेवणाची आहे, रांगोळीची आहे. पण आपलं कुणी माणूस वॉर्डात एकटं पडलं तर त्याच्याशी मराठीत दोन शब्द बोलायला जाणारं कुणी नाही. ते काम त्यांना मंडळातून सुरू करायचं होतं, आणि त्यासाठी अध्यक्षपद हवं होतं.

पहिली बैठक अबू हलीफाला झाली, एका सभासदाच्या हॉलमध्ये. वडे होते, चहा होता. एका काकांनी ताईंना विचारलं, "तुमच्या शिफ्टा असतात. बैठकांना याल कशा?"

"शिफ्टमुळे लागोपाठ तीन बैठका चुकल्या तर मी स्वतः खुर्ची सोडते," ताई म्हणाल्या. "पण आधी खुर्ची तर द्या."

लोक हसले. हात मोजले तेव्हा ताई पुढे होत्या. पुढची बैठक त्यापुढच्या शुक्रवारी फरवानियाला होती. ताईंच्या हॉस्पिटलातल्या बहुतेक मराठी नर्स तिथेच राहतात.

मी बातमी इंग्रजीत लिहिली. मला दुसरं येत नव्हतं. घरी आम्ही मराठी बोलतो, पण वाचायचं म्हटलं की मी अक्षर अक्षर जोडत बसते. हे मंडळात मी कुणाला सांगितलं नव्हतं. संपादककाका म्हणाले, "तू इंग्लिशमध्येच दे बेटा, मराठी मी करून घेतो." मला बरंच वाटलं.

बुधवारी दुपारी कॉलेजच्या कँटीनमध्ये त्यांचा मेसेज आला. सोबत पान होतं आणि खाली, 'एकदा नजर टाक.' पान भरगच्च होतं. पहिली ओळ मी पुरी केली, वर माझं नाव नीट आहे ना ते पाहिलं, आणि अंगठा पाठवला.

"वाचलंस गो सगळं?" मैत्रिणीने विचारलं.

"हो."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुन्हा सँडविच खायला लागली.

शुक्रवारी फरवानियाच्या हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. नर्स तर दोघीच आल्या होत्या. ताई ड्यूटीवरून थेट आल्या आणि फोन माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "हे वाच."

मी वाचायला लागले. मला वेळ लागला. त्या थांबल्या. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की शिफ्टच्या अडचणींमुळे आपण माघार घेत असल्याचं ताईंनी नम्रपणे सांगितलं.

"मी कधी म्हणले असं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "माझ्या मैत्रिणी फोन करून म्हणतायत, तुम्ही नाही तर आम्ही कशाला यायचं."

मी उभी राहिले. एवढ्या लोकांसमोर मी पहिल्यांदाच बोलत होते. "हे मी लिहिलेलं नाही."

"अगं, पण तुला दाखवून घेतलंय," संपादककाका म्हणाले आणि फोनवरचा माझा अंगठा शेजारच्याला दाखवला. "भाषांतरात थोडं इकडेतिकडे होतं. त्यात काय एवढं."

"मी वाचलं नव्हतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "इंग्लिश मीडियम." काही जण हसले. अबू हलीफात ताईंच्या विनोदाला हसले होते तसंच, प्रेमळपणे. त्या प्रेमळपणाचा मला सगळ्यात जास्त राग आला. मी वही उघडली आणि इंग्रजी अक्षरांत उतरवलेलं ताईंचं वाक्य, जसं बोलल्या तसं, अडखळत सांगितलं. मैत्रीण म्हणाली, "मीपण तिथंच होते. असंच बोलल्या त्या."

अध्यक्षकाका घड्याळ बघत होते. "खुलासा झाला ना? आता लोक आलेत, उगाच लांबवायला नको." बैठक पुढे ढकला, असं ताईंनी दोनदा सांगितलं. कुणी ढकलली नाही. हात मोजले गेले, दोन्ही भागांचे मिळून. ताई थोडक्यात मागे पडल्या.

जिन्यात मी त्यांना गाठलं. माफी मागायची होती, पण शब्द इंग्रजीतच येत होते.

"वाचता येत नव्हतं तर मला फोन करायचा," त्या म्हणाल्या. "मी वाचून दाखवले असते. त्यात लाज कसली?" आणि उतरून गेल्या. मला त्यांनी माफ केलं का, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढच्या अंकात शेवटच्या पानावर, नारळाच्या वड्यांच्या कृतीखाली, एक ओळ आली: गेल्या अंकात अनवधानाने त्रुटी राहिली. कसली, कुणाची, ते नव्हतं. संपादककाकांना मी म्हटलं की खुलासा मी लिहून देते. "तुझं मराठी कच्चं आहे गं," ते म्हणाले. ते खरं होतं, आणि त्यांनी ते ताईंच्या विरुद्ध वापरून घेतलं होतं. गाडीतल्या मित्रासाठी मुद्दाम की घाईत, हे मी सिद्ध करू शकत नाही. मला काय वाटतं, ते मला माहीत आहे.

मग मी स्वतः लिहिलं. काय झालं, ताई काय म्हणाल्या होत्या, मी न वाचता होकार कसा दिला. एक पान लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या. मैत्रिणीने वेलांट्या बघितल्या. ताईंना आधी फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अध्यक्ष कुणीही होऊ दे, वॉर्डाचं मी म्हणले होते ते गाळू नको." ते घातलं. मग ते पान मंडळाच्या ग्रुपवर टाकलं.

मिनिटभरात अंगठे यायला लागले. पहिला अध्यक्षकाकांचा. तेवढ्या वेळात ते पान वाचून होत नाही.